सायबिणीचा शेला

आमच्या फाउंड्रीतला मेस्त कुठलीही वस्तू उभ्यानं बघायचा नाही. पंपाचं घर, म्हणजे बाहेरचं कवच, असो, मशीनचा पाया असो, नाहीतर नवा आलेला साहेब असो, मेस्त आधी खाली बसकण मारायचा, मान वर करायचा आणि मगच त्याचं मत तयार व्हायचं. पहिल्या दिवशी फोरमननं त्याला विचारलं, "काम येतं का?" तर हा त्याच्या बुटांपाशी उकिडवा बसला आणि खालून त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. फोरमनला वाटलं, पाया पडतोय. खूष झाला बिचारा. नंतर मेस्त माझ्या कानात म्हणाला, "हनुवटी बरी आहे रे त्याची. नाकपुड्या मात्र चुकल्यात."

देव उंचावर असतो आणि माणूस खाली गुडघ्यावर, तेव्हा मूर्ती खालूनच तपासायची, असं त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. ह्या पठ्ठ्यानं तो नियम सगळ्या जगाला लावला. आंबा विकत घेतानासुद्धा हातगाडीखाली वाकायचा.

मेस्त हे काही त्याचं नाव नव्हे. गोव्याकडं ख्रिस्ती सुताराला मेस्त म्हणतात. खरं नाव लांबलचक होतं, ते हजेरीवाल्यालाही नीट घेता यायचं नाही. तो दिवाडीचा. मांडवी नदीत एक बेट आहे, होडीनं जावं लागतं, मधोमध टेकडी आणि टेकडीवर इगर्ज, म्हणजे त्यांचं देऊळ. पिढ्यान्‌पिढ्या ह्याच्या घराण्यानं त्या बेटावरचे संत घडवले, रंगवले, त्यांची डागडुजी केली. बेटावरच्या माणसाचं एक असतं, त्याला वाटतं आपण मधोमध आहोत आणि बाकीची दुनिया पलीकडच्या काठावर उभी आहे. चिंचवडला येऊन इतकी वर्षं झाली तरी मेस्त पुण्याला जाताना म्हणायचा, "पलीकडं जाऊन येतो."

त्याच्या बोलीत सगळ्यांना 'तू'. मला तू, फोरमनला तू, मालकालाही तू. त्याला कुणी 'तुम्ही' म्हटलं की हा मागं वळून बघायचा, आणखी कोण आलं म्हणून. शेवटी आम्हीही त्याला तूच म्हणायला लागलो.

आता मी कोण, ते सांगतो. मी मोल्डर. पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराला चिंचवड स्टेशनपलीकडं बाभळीच बाभळी होत्या, मधूनच एखादा कारखाना. निगडीला जायचं म्हणजे घरी सांगून निघायचं. अशा रानात आमची फाउंड्री. तिथं मेस्त लाकडाची हुबेहूब वस्तू घडवायचा, तिला आम्ही पॅटर्न म्हणतो. मी तो पॅटर्न पेटीत ठेवून भोवती काळी वाळू ठोकून भरायचो आणि मग पॅटर्न अलगद वर काढायचो. मागं जी पोकळी राहते तिच्यात लोखंडाचा रस ओतला की झालं काम. सगळी अक्कल त्या अलगद काढण्यात आहे. लाकडाला कुठं आकडा असला, पोटाखाली खाच असली, की वर येताना ते वाळू ओढतं आणि साचा मोडतो. म्हणून पॅटर्नला बाजूंनी किंचित ढाळ द्यायचा, कोपरे मारायचे, म्हणजे गोल करायचे, काही म्हणता काही अडता कामा नये. मेस्ताचा पॅटर्न लोण्यातून सुरी निघावी तसा निघायचा. माझ्या हातचा साचा मोडत नाही अशी माझी ख्याती होती. त्यातली निम्मी मेस्ताची, पण मी ती कधी वाटून दिली नाही!

कारखान्यात हा असा गुळगुळीत कामाचा बादशहा, आणि बोलायला लागला की उलटंच. म्हणायचा, "आमच्या देवांना गप उभं राहता येत नाही रे. एक हात वर, पाय पुढं, कपडा उडतोय, डोळ्यांत पाणी, तोंड अर्धं उघडं. आत्ता काहीतरी बोलणार, असं वाटायला पाहिजे."

मी म्हटलं, "आमचा मोरया बघ की. कसा मांडी घालून निवांत."

"तुझा बसलाय, कारण त्याला घाई नाही," तो म्हणाला. "आमच्या सायबिणीचा पोर मारलाय. ती कशी निवांत बसेल?"

सायबीण म्हणजे त्यांची आई, येशूची माता. मी विचारलं, "पण देवळाच्या चार भिंतींत कपडा उडतो कसा? वारं येतं कुठून?"

"आतून," मेस्त म्हणाला आणि रंधा मारायला लागला.

ह्या धाटणीला युरोपात बरोक म्हणतात, असं पुढं मला कुणीतरी सांगितलं. म्हणोत बापडे. मेस्ताला तो शब्द माहीत नव्हता आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नाही.

केसांचा घोटाळा झाला तो ह्याच सायबिणीपायी. एके दिवशी आमची बायको भाकरी टाकायची सोडून तरातरा बाहेर आली. ती मावळातली, बोलायला लागली की शेजारच्या दोन चाळींना ऐकू जायचं.

"अवं, त्यो तुमचा गोयंकर बायांचं क्यास मागत फिरतुया! गुंतवळ द्या आन्‌ लाटणं घ्या म्हंतोय!"

गुंतवळ म्हणजे विंचरताना फणीत येतात ते केस. आमच्याकडं ते सुया-बिब्बे विकणाऱ्या बाया घेऊन जातात. पण गड्यानं गुंतवळ गोळा करायचं म्हणजे एकच अर्थ. करणी! दोन बायकांनी लाटण्याच्या मोहानं देऊनही टाकलं होतं, त्या आता ऊर बडवत होत्या. त्यात एकीची म्हैस आटली. झालं, सगळ्या मिळून मेस्ताच्या खोलीवर चालून गेल्या, आणि मी मधे.

मेस्त अजिबात डगमगला नाही. त्यानं ट्रंक उघडली. आत रिठ्यानं धुतलेले केस, लांबीप्रमाणे वेगळे करून दोऱ्यानं बांधलेले. तो म्हणाला, "आमच्या सायबिणीचे केस खरे असतात. खाऱ्या हवेत ते झडतात. दर वर्षी मी गावाला जातो आणि तिला नवे घालतो. तुमच्या बायांचे केस लांब आहेत, काळे आहेत. म्हणून मागितले."

आमची बायको ट्रंकेपाशी बसली, एक जुडी हातात घेतली आणि भडकलीच. मला वाटलं आता संपलं. पण ती भडकली होती वेगळ्याच गोष्टीवर.

"देवीला व्हय? आन्‌ देवीला गुंतवळ घालता? त्यो केर हाय! आधी न्हाई का सांगायचं?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या चाळीत नवाच रिवाज सुरू झाला. न्हाल्यावर पहिल्या फणीचे केस सायबिणीचे. ते जमिनीवर पडू द्यायचे नाहीत, फडक्यात बांधून ठेवायचे. मेस्ताला लाटणी पुरवता पुरवता नाकी नऊ आले. गोव्यातल्या एका बेटावर चिंचवडच्या बायांचे केस मिरवणुकीत निघायचे, आणि आमच्या बाया ते सांगताना अशा तोऱ्यात सांगायच्या की जणू ह्यांनाच पालखीत बसवलंय.

मग पंचावन्न साल आलं. गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रही निघाले, गोळ्या झाल्या, हद्द बंद झाली, गाडी थांबली. कारखान्यात जो तो तावातावानं बोलायचा. एकानं मेस्ताला सरळ 'फिरंगी' म्हटलं. मेस्त त्याच्यासमोर खाली बसला, खालून त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "फिरंगी जाणार. जायलाच पाहिजे. पण सायबीण नाही जायची. तिला आणली फिरंग्यानं, पण तिचं नाक माझ्या आज्यानं केलंय. ते आमच्या आयेचं नाक आहे. कुणाच्या बापाला ते परत नेता येणार नाही." पुन्हा कुणी त्याला तसं म्हटलं नाही.

बोलला खरा, पण त्या वर्षी तो गावाला जाऊ शकला नाही. ट्रंक भरलेली तशीच राहिली. एकदा दुपारी डबा खाताना म्हणाला, "केस आहेत, डोकं नाही." मी हसलो. तो हसला नाही. "इथंच करतो सायबीण," तो म्हणाला.

तेव्हा आमच्या भागात मोजकी ख्रिस्ती घरं. कुणी वसईचं, कुणी मंगळूरचं, दोन-तीन गोव्याची. त्यांना देऊळ नव्हतं. खडकीहून पाद्रीबाबा अधूनमधून येऊन एका पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थना घ्यायचे. त्या सगळ्यांना आनंद झाला. गोव्यात सायबीण घरोघर पाहुणी जाते, एक रात्र ह्या घरी, एक रात्र त्या घरी. तसंच इथं करायचं ठरलं, पाऊस ओसरता तिचा वाढदिवस येतो तेव्हापासून.

पण मेस्ताचं त्यात वेगळंच काही गुंतलं होतं. ते त्यानं फक्त मला सांगितलं. त्यांच्या घराण्यात प्रत्येक पुरुषानं एक तरी मोठी मूर्ती एकट्यानं, कुणाचा हात न लागता करायची असते. तोवर तो घराण्याचा कारागीर नव्हे. बाप होता तोवर ह्यानं बोटं जोडली, रंग भरले, केस घातले. मग बाप गेला, हा पोटासाठी इकडं आला, आणि ते राहूनच गेलं. "आता वाटही बंद," तो म्हणाला. "हिच्यात बेट उतरलं तर मी माझ्या बापाचा. नाही उतरलं तर मी ह्या कारखान्याचा. मग पगार घ्यायचा आणि गप बसायचं."

तळेगावच्या वखारीतून त्यानं शिवणीचा ओंडका आणला. तिथंही ओंडक्याखाली वाकून बघितलं, वखारवाला वैतागला. मग रोज सुटी झाली की खोलीच्या ओट्यावर काम. मी बघायला जायचो, नुसता नाही, चहा घेऊन जायचो. एकदा गेलो तर ह्यानं चेहरा पुरा कोरून करवतीनं कापून काढलेला, मुखवट्यासारखा. मी ओरडलोच. तो म्हणाला, "अरे, डोळे आतून बसवतात. बाहेरून बसवलेला डोळा नुसता बघतो. आतून बसवलेला ओळखतो." डोळे पाद्रीबाबांच्या खोकल्याच्या बाटलीच्या तपकिरी काचेचे होते. बसवून चेहरा परत जोडला तेव्हा सांधा मला दिसेना. आणि आई शपथ सांगतो, तिनं मला ओळखलं.

पुढच्या साली पावसाळा उतरणीला लागला तशी मूर्ती पुरी झाली. कमरेएवढी, रंग लागायचा बाकी. एक हात छातीवर, मान जरा कलती, खांद्यावरून शेला खाली आलेला. पाद्रीबाबांनी बघून मान डोलावली. वसईच्या फिटरची बायको पायाशी बसून रडली. मला तर बोलल्याशिवाय राहवेना. मी शेल्यावरून हात फिरवला आणि मोल्डरच्या तोंडून जी सगळ्यात मोठी स्तुती निघू शकते ती केली.

"मेस्त, काय काम आहे! वाळूतून अशी सुटेल, कणसुद्धा ढळायचा नाही!"

मेस्ताचं तोंड उतरलं. म्हणजे अक्षरशः रंग गेला. तो खाली बसला, खालून वर बघितलं. मग उठला आणि शेल्याच्या एकेका घडीवरून बोट फिरवायला लागला. बोट कुठंच अडेना. कुठं आत जाईना. सगळ्या घड्यांना ढाळ होता, सगळे कोपरे मारलेले होते. शेला अंगाला चिकटून खाली उतरला होता, पंपाच्या घरासारखा.

"सायबा भोगोस," तो पुटपुटला. देवा क्षमा कर, असं म्हणतात ते. "मोल्डर, मी पॅटर्न केला रे."

आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. छान आहे, सुंदर आहे, कुणाला कळणार आहे, वगैरे. फिटरची बायको म्हणाली, "मेस्त, देवाला चालतंय की!" त्यावर तो असा कडाडला की ती दोन पावलं मागं सरली. "देवाला काय, धोंडाही चालतो! मला चालत नाही!" मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू? तोंडावर आलेला सण, सगळ्यांची तयारी झालेली, आणि हा आपला हटून बसलेला. पण त्याच्या हाताकडं बघितलं आणि माझा राग विरला. तो आपल्या हातांकडं असा बघत होता की जणू ते दुसऱ्याच कुणाचे आहेत. इतकी वर्षं जे काम केलं त्यानं हातच बदलले होते, आणि हे त्याला त्या क्षणी, माझ्या तोंडून कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पटाशी घेतली आणि शेल्याच्या खालून पोखरायला सुरुवात केली. वरून हात लावायचा नाही, सगळं काम पोटाखालून. घडी इतकी पातळ व्हायची की पलीकडून उजेड लाल दिसायचा. मी म्हटलं, "तडकेल." तो म्हणाला, "तडकू दे." आणि तडकलीच एक, डाव्या खांद्याची. टोक उडून ओट्याखाली गेलं. मी डोळे मिटले. मेस्तानं ती तुटकी कड बघितली आणि चक्क शीळ घातली. "बापाच्या हातूनही तिथंच तुटायची," म्हणाला, आणि ते टोक मुद्दाम बाहेर वळवून परत चिकटवलं. आता शेला खांद्यावरून उचलला गेला. मग दुसरी घडी, मग तिसरी. कारखान्यात दिवसभर तो ढाळ द्यायचा आणि संध्याकाळी घरी येऊन ढाळ काढायचा. जेवण सुटलं, दाढी वाढली. आमची बायको भाकरी नेऊन द्यायची आणि समोर बसून खायला लावायची.

सणाला चार-सहा दिवस राहिले असताना मेस्त दुपारच्या सुटीत मूर्ती चादरीत गुंडाळून फाउंड्रीत आला. माझ्यासमोर ठेवली. सगळी माणसं डबे सोडून गोळा झाली.

"साचा कर," तो म्हणाला.

मला कळेना. "कशाचा?"

"हिचा. तुझ्या पेटीत घाल. वाळू ठोक. आणि काढ. तुझी सगळी अक्कल लाव, मोल्डर. कसूर केलीस तर तुझं तोंड बघणार नाही. सुटली, तर ही पॅटर्नच्या माळ्यावर जाईल आणि मी पुन्हा लाकडाला हात लावणार नाही."

"अरे, देवीला काळ्या वाळूत घालू?"

"रंग लागायचाय अजून. ती वाळूला भीत नाही. तू भितोस."

असं म्हटल्यावर काय! वसईचा फिटर कपाळावर-छातीवर खूण करून मागं सरला. मी हात धुतले, कपाळाला लावले आणि मूर्ती आडवी पेटीत ठेवली. वाळू चाळून घेतली, ओल बघितली, बोटानं घड्यांच्या आतपर्यंत भरली, मग ठोकली. मनात एकच चाललं होतं, की बाबा, मोडू दे. आणि हात मात्र मोडू न देण्यासाठी झटत होते. खोटा डाव टाकला असता तर मेस्ताला क्षणात कळलं असतं, आणि मलाही कसूर करता आली नसती. माझाही धंदा होता तो. मी मूर्तीभोवतीच्या वाळूच्या कडा ओल्या केल्या. मूर्तीला चारी बाजूंनी हलके ठोके देऊन सैल केली. मोठमोठी अवघड कामं मी अशीच सोडवली होती. मेस्त पेटीपाशी उकिडवा बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते.

मी श्वास धरला आणि सरळ वर उचलली.

पहिल्यांदा ती हलकी लागली. मला वाटलं, सुटली. आणि मग जड झाली. शेल्यानं वाळू धरली होती. आतून, खालून, प्रत्येक घडीनं मूठभर धरून ठेवली होती. सोडेचना. मी आणखी वर घेतली तसा साचा मधोमध उकलला, एक बाजू ढासळली, दुसरी तिच्याबरोबर उठली आणि धप्पकन खाली आली. पेटीत नुसता ढीग. माझ्या हातात सायबीण, खांद्यावरून काळी वाळू सांडतेय, आणि शेला वाऱ्यावर. फाउंड्रीत त्या दुपारी पान हलत नव्हतं, तरी शेला वाऱ्यावर होता.

मेस्त उठलाच नाही. दोन्ही हातांनी त्यानं तो वाळूचा ढीग छातीशी ओढला आणि ढसाढसा रडायला लागला. चाळिशी ओलांडलेला गडी, सगळ्यांदेखत. मलाही आवरलं नाही. का आवरावं?

तेवढ्यात भोंगा झाला आणि फोरमन आत आला. त्यानं गर्दी बघितली, मोडलेली पेटी बघितली आणि ओरडला, "साचा कुणी मोडला?"

"मी," मी म्हटलं. माझी पेटी, माझे हात, माझी जबाबदारी.

मेस्त ताडकन उठला. तोंडभर काळी वाळू, त्यातून आसवांचे ओघळ. त्यानं मला असा धक्का दिला की मी मूर्तीसकट भिंतीला टेकलो. तो पहिल्यांदाच फोरमनसमोर ताठ उभा राहिला आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाला,

"ऐकू नकोस ह्याचं. ह्याला नाही मोडता येत. मी मोडला."